गेमिंगचा पीसी जोडताना: कुठे वाचवायचं, कुठे नाही

मर्यादित पैशात घरच्या घरी गेमिंगचा पीसी जोडू पाहणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सुट्या भागांचे भाव सतत वर-खाली होतात, म्हणून उत्तरांत किमती दिलेल्या नाहीत.

प्रश्न: एकूण रक्कम ठरलेली आहे, त्यापुढे जाता येणार नाही. ती प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम यांच्यात कशी वाटायची? आधी कुठला भाग ठरवायचा?

आधी मॉनिटर ठरवा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक फ्रेमसाठी (पडद्यावरच्या एका चित्रासाठी) सुमारे २०.७ लाख बिंदू रंगवावे लागतात. २५६० बाय १४४० वर हाच आकडा ३६.९ लाखांवर जातो, म्हणजे काम जवळपास पावणेदोन पट होतं. रक्कम बेताची असेल तर १०८० पीवर थांबा. मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम दाखवणारा, असेल तर सेकंदाला १२० फ्रेम काढणारं कार्ड घेऊन त्यातल्या निम्म्या फ्रेम पडद्यावर दिसणारच नाहीत, हेही लक्षात घ्या.

त्यानंतर ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर, कीबोर्ड वगैरे वगळून उरलेल्या रकमेतला ३५ ते ४५ टक्के वाटा कार्डाला द्या. नव्या कार्डाची मेमरी ८ जीबीपेक्षा कमी नको. मेमरी अपुरी पडली की टेक्स्चर (खेळातल्या पृष्ठभागांची चित्रं) मुख्य रॅममध्ये जातात, तिथून पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या, वाटेने परत आणावे लागतात आणि खेळ मध्येच अडखळतो. सरासरी फ्रेम चांगल्या दिसतात, पण वळण घेताना नेमका झटका बसतो. आरएक्स ६६००, आरएक्स ७६०० आणि आरटीएक्स ४०६० ही १०८० पीसाठी शोभतील अशी ८ जीबीची कार्डं. इंटेलच्या आर्क बी५८० वर १२ जीबी मेमरी आहे, मात्र त्याला मदरबोर्डावर रीसाइझेबल बार (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम वापरू देणारी सोय) चालू असावा लागतो. ही सोय नसलेल्या जुन्या बोर्डावर ते कार्ड घेऊ नका.

बाकीच्या प्रत्येक भागाबद्दल एकच विचारा: हा नंतर वाढवता येईल, की काढूनच टाकावा लागेल? ५०० जीबीची एसएसडी आज पुरते, पुढे दुसरी जोडता येते. रॅमचंही तसंच. इथे बेलाशक हात आखडता घ्या. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग) आणि मदरबोर्ड मात्र बदलायचे म्हणजे सगळा पीसी उघडायचा आणि आधीचा खर्च पाण्यात. तिथे कंजुषी नको. याचा अर्थ महागडा बोर्ड घ्या असा नाही. बी मालिकेचा चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) असलेला साधा बोर्ड पुरे, ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) करायचं नसेल तर झेड किंवा एक्स मालिकेवर पैसे घालू नका. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला जाळी हवी. समोर सपाट काच असेल तर आत थंड हवा येणार कुठून? काच आणि रंगीत दिव्यांसाठी मोजलेले पैसे कार्डाला दिलेत तर ते खेळताना दिसतील.

प्रश्न: एएमडीच्या रायझेन ५ ५५०० आणि ५६०० या प्रोसेसरांत नावापुरताच फरक आहे ना? मग स्वस्त तो घेतला तर काय बिघडलं?

दोन्हींत ६ कोअर आणि १२ थ्रेड आहेत, पण फरक नावापुरता नाही. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) आहे, ५५०० मध्ये १६. खेळांना कॅश फार लागते, कारण त्याच त्या माहितीकडे प्रोसेसर वारंवार वळतो. शिवाय ५६०० ला पीसीआय एक्सप्रेस ४.० आहे, ५५०० ला ३.०. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० सारखी कार्डं १६ ऐवजी ८ च लेन (माहिती वाहणाऱ्या मार्गिका) वापरतात, त्यामुळे ३.० वर त्यांची वाट निम्मी होते. आरएक्स ६५०० एक्सटी तर ४ लेनवर चालतं आणि त्याच्या एका आवृत्तीवर मेमरी फक्त ४ जीबी. ते ३.० च्या बोर्डात बसवलं की चांगलंच मार खातं. बी४५० आणि ए५२० हे बोर्ड ३.० चेच आहेत. म्हणून ५६०० घ्यायचा तर तो बी५५० वर बसवा.

इंटेलकडे १२४००एफ हा याच तोडीचा पर्याय. नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लागणारच. १२४००एफचे बोर्ड घेताना रॅमची गल्लत होते. एलजीए १७०० सॉकेटचे (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) काही बोर्ड डीडीआर४ या पिढीच्या रॅमचे असतात, काही डीडीआर५ चे, आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटला फक्त डीडीआर४, एएम५ ला फक्त डीडीआर५.

प्रश्न: सध्या ग्राफिक्स कार्डाला पैसे नाहीत. वर्षभर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काढून मग कार्ड घेतलं तर चालेल का?

चालेल, पण कुठला प्रोसेसर निवडता त्यावर पुढचं वर्ष ठरेल. एएम४ वरच्या ५६००जी ची कॅश १६ एमबी आणि पीसीआय एक्सप्रेस ३.०, म्हणजे वर सांगितलेली ५५०० ची रड इथेही आहे. पुढे कार्ड लावलंत तरी प्रोसेसर पुन्हा बदलावासा वाटेल. एएम५ वरचा ८६००जी बराच ताकदवान आहे, त्यात रेडिऑन ७६०एम ग्राफिक्स आहे आणि बाहेरच्या कार्डाला ४.० च्या ८ लेन मिळतात. ८५००जी घेताना सावध राहा, तिथे कार्डाला ४ च लेन उरतात.

या वाटेने गेलात तर रॅमच्या दोन पट्ट्या हव्यातच. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅमच वापरतं. एकच पट्टी म्हणजे एकच चॅनेल, म्हणजे निम्मी बँडविड्थ (माहिती वाहण्याची क्षमता), आणि त्याचा फटका थेट फ्रेमरेटला. वेगवान रॅमचा फायदाही इथेच सर्वांत जास्त दिसतो.

आणि कार्ड पुढे घ्यायचं असलं तरी एसएमपीएस आजच त्या हिशेबाने घ्या.

प्रश्न: १६ जीबीची एक पट्टी घेऊन नंतर दुसरी घ्यावी, की ८ च्या दोन? रॅम ३२०० ची घेतली, पण टास्क मॅनेजरमध्ये २६६६ दिसतं. फसवणूक झाली का?

८ च्या दोन. वेगळं कार्ड असलं तरी एका चॅनेलवर अनेक खेळांत फ्रेम अडखळतात. बोर्डावर चार खाचा असतील तर पट्ट्या प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. शेजारी शेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनेलवर येतात. डीडीआर५ घेत असाल तर १६ च्या दोन घेता आल्या तर उत्तम, कारण एएम५ वर चार पट्ट्या लावल्या की रॅमचा वेग खाली आणावा लागतो.

फसवणूक झालेली नाही. ३२०० हा आकडा एक्सएमपी प्रोफाइलमधला (जादा वेगाच्या तयार सेटिंगमधला) आहे आणि ते प्रोफाइल बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन स्वतः चालू करावं लागतं. तोवर रॅम तिच्या मूळ वेगाने धावते. एएम५ वर याच सोयीचं नाव एक्सपो. चालू केल्यावर सीपीयू-झेड या ॲपमध्ये १६०० दिसलं तर घाबरू नका. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, तो आकडा दुपटीने वाचायचा.

प्रश्न: कॅबिनेटसोबत ६५० वॅटचा एसएमपीएस फुकट मिळतोय. वेगळा घ्यायची गरज आहे का? कार्ड आरएक्स ७६०० आणि प्रोसेसर १२४००एफ आहे.

खोक्यावरचा ६५० विसरा आणि एसएमपीएसच्या अंगावरचं लेबल वाचा. त्यावर एक तक्ता असतो: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरून ओढतात, म्हणून तेवढाच रकाना महत्त्वाचा. अँपिअरला १२ ने गुणा. ६५० वॅटच्या नेक एसएमपीएसवर साधारण ५४ अँपिअर लिहिलेले दिसतील, म्हणजे ६४८ वॅट. तुमच्या लेबलावर ३० अँपिअर असतील तर कामाची वीज ३६० वॅटच. १२ व्होल्टचे दोन रकाने दिसले तर त्यांची बेरीज करू नका, खाली एकत्रित कमाल वॅट दिलेले असतात तेच धरा. तो एकत्रित आकडा छापलेलाच नसेल तर तो एसएमपीएस घेऊच नका.

आता तुमची गरज. आरएक्स ७६०० चे १६५ वॅट. १२४००एफ हा ६५ वॅटचा म्हणून ओळखला जातो, पण टर्बोमध्ये (जादा वेगाने धावताना) त्याची कमाल मर्यादा ११७ वॅट आहे. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धरा. बेरीज ३३० च्या आसपास. यावर कार्ड काही मिलिसेकंदांपुरतं आपल्या आकड्याच्या बरंच वर उसळी घेतं, ती झेलायला जागा हवी. १२ व्होल्टवर खरोखर ५०० च्या वर देणारा ५५० वॅटचा एसएमपीएस तुम्हाला निवांत पुरेल. नुसता आकडा मोठा असलेला ६५० चा पुरेलच असं नाही. कमकुवत एसएमपीएसची खूण ठरलेली असते: ब्राउझर, व्हिडिओ दिवसभर विनातक्रार, आणि जड खेळ सुरू होऊन दहा मिनिटांत पीसी आपोआप रीस्टार्ट. लोक विंडोज पुन्हा टाकत बसतात, दोष तिथे नसतोच.

‘८० प्लस’ हा शिक्का कार्यक्षमता सांगतो, संरक्षणाबद्दल काही सांगत नाही. जादा प्रवाह, जादा व्होल्टेज आणि शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण असल्याचं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं हवं. कार्डाला लागणारा ६+२ पिनचा प्लग एसएमपीएसच्याच वायरवर हवा. साटाच्या (एसएसडी, हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) प्लगवरून ८ पिन काढून देणारे अडॅप्टर मिळतात, ते चुकूनही लावू नका. साटाचा प्लग १२ व्होल्टवर ४.५ अँपिअरसाठी, म्हणजे ५४ वॅटसाठी बनलेला आहे आणि ८ पिनच्या जोडणीला १५० वॅटपर्यंत मागायची मुभा आहे. प्लॅस्टिक वितळतं ते इथेच.

प्रश्न: जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल उरल्या आहेत. नव्याला लावू का? प्लग तर बसतोय.

नको. पीसीच्या भागांकडचं टोक प्रमाणित असतं, एसएमपीएसकडचं नसतं. प्लग बसला तरी ५ व्होल्टच्या जागी १२ येऊ शकतात आणि चालू करताच एसएसडी, हार्ड डिस्क कायमची जाते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही हे होतं.

प्रश्न: वापरलेलं आरएक्स ५८० कार्ड मिळतंय. आधी मायनिंगला (क्रिप्टोचलन मिळवायला) वापरलं असेल तर घ्यावं का? घेताना काय तपासायचं?

मायनिंगला वापरलं म्हणून कार्ड बाद होत नाही. त्यात झिजतात ते मुख्यतः पंखे आणि वाळते ती थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलरकडे नेणारा लेप). हे दोन्ही बदलता येतात. खरी भीती वेगळी आहे. आरएक्स ५८० च्या नावाने दोन कार्डं फिरतात. मूळ ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्राचा हिशेब करणारे छोटे भाग) असतात. ‘२०४८ एसपी’ म्हणून आलेली आवृत्ती प्रत्यक्षात ५७० च्या ताकदीची आहे आणि विकताना हे शेपूट अनेकदा गाळलं जातं. जीपीयू-झेड हे ॲप उघडा, ‘शेडर्स’ची ओळ वाचा, २०४८ दिसलं तर ५७० चा भाव द्या. दुसरं म्हणजे मेमरी: हे कार्ड ४ आणि ८ जीबी अशा दोन्ही रूपांत आलं, ८ चंच घ्या.

पैसे देण्याआधी ते चालवून बघा, १५ ते २० मिनिटं पूर्ण ओझ्याखाली. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी किंवा रेघा आल्या तर मेमरी किंवा चिप जात चालली आहे, स्वस्तातही नको. पंखे दोन्ही फिरतात का, खरखर येते का ते ऐका. प्रत्येक डिस्प्ले पोर्टला मॉनिटर लावून पाहा. जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेस १.१ दिसला तर ती वीजबचत आहे, शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवली की आकडा ३.० वर जायला हवा. नाही गेला किंवा १६ ऐवजी ८ लेन दिसल्या तर कार्डाचे सोनेरी संपर्क पुसून पुन्हा बसवा. तरीही तेच दिसलं आणि बोर्डाची खाच १६ लेनची असल्याची खात्री असेल, तर सोडून द्या.

५८० ला वीज भरपूर लागते, उष्णताही तशीच. चालू स्थितीतलं आरएक्स ६६०० थोड्या जास्त पैशांत मिळत असेल तर आमचं मत निःसंशय त्याच्या बाजूने. ते १३२ वॅटमध्ये बरंच अधिक काम करतं.

प्रश्न: ऑफिसमधून निघालेला जुना ब्रँडेड पीसी घेऊन त्यात कार्ड टाकलं तर स्वस्तात भागेल का?

भागू शकतं, तीन गोष्टी पाहा. त्यातला एसएमपीएस बहुधा कंपनीच्या खास आकाराचा आणि खास प्लगचा असतो, कार्डासाठीची वायर त्यात नसतेच. तेव्हा खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॅटमध्ये चालणारं कार्डच बघा: ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० हे ७० वॅटचं आहे. दुसरं, डबा बारीक असेल तर कमी उंचीचं कार्ड लागेल. तिसरं, प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे.

प्रश्न: सगळं जोडलं. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटरवर काहीच येत नाही.

मॉनिटरची केबल कार्डाला लावली आहे ना? बोर्डाच्या पोर्टला लावली असेल आणि प्रोसेसर एफचा असेल तर पडदा काळाच राहणार. त्यानंतर बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात पाहा. तिथली ४+४ पिनची वायर विसरली तर पंखे फिरतात, प्रोसेसरला मात्र वीज नसते.

मग रॅम. पट्टी दोन्ही टोकांनी दाबा, खटका ऐकू यायला हवा. अर्धवट बसलेली पट्टी डोळ्यांना बसल्यासारखीच दिसते. एएम५ चा नवा बोर्ड पहिल्यांदा चालू होताना रॅमची जुळवणी करतो आणि तोवर पडदा काही मिनिटं काळा असतो. घाबरून बटण दाबू नका, १० ते १५ मिनिटं द्या.

अनेक बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतात. जो पेटून राहतो तिथे अडलंय. डीरॅम असेल तर एकच पट्टी ठेवून पाहा, मग दुसरी. सीपीयूचा दिवा पेटला आणि ४+४ ची वायर नीट असली तर बायोस जुना असण्याची शक्यता मोठी, विशेषतः बी४५० वर रायझेन ५००० मालिकेचा प्रोसेसर लावला असेल तर. फ्लॅशबॅकचं बटण असलेल्या बोर्डावर प्रोसेसरशिवाय बायोस बदलता येतो: पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं नाव फाइलला द्या, खूण केलेल्या पोर्टात लावा आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाऊ देऊ नका.

इतकं करूनही काही नाही तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक पट्टी, कार्ड, बस. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. इथे पडदा उजळला तर दोष कॅबिनेटमध्ये आहे. बहुतेकदा बोर्डाखाली एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खांब) चुकीच्या भोकात राहिलेला असतो आणि तो बोर्डाच्या मागच्या जोडांना टेकतो.

प्रश्न: रायझेनसोबत आलेला कूलर फार आवाज करतो, बदलायचा आहे. काढताना काय जपायचं?

एएम४ असेल तर एक गोष्ट प्राणपणाने जपा. पिना प्रोसेसरलाच असतात आणि वाळलेली पेस्ट कूलरला घट्ट धरून ठेवते. कूलर सरळ वर ओढलात तर बंद सॉकेटमधून प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं एखादा जड खेळ चालवून पेस्ट गरम करा, पीसी बंद करून वायर काढा, कूलरचे खटके किंवा स्क्रू सोडवा आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळा. सैल झाल्याचं हाताला जाणवलं की मगच उचला. नवीन पेस्ट वाटाण्याएवढी. नव्या कूलरच्या तळावरचं पारदर्शक प्लॅस्टिक काढायला विसरू नका. ते तसंच राहिलं तर प्रोसेसर काही मिनिटांत ९० अंशांच्या पुढे जातो. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच लावा.

प्रश्न: एम.२ एसएसडी बोर्डात बसली, पण दिसत नाही.

आकार सारखा असला तरी एम.२ एसएसडी साटा पद्धतीने जोडली जाणारी असते किंवा एनव्हीएमई पद्धतीने, आणि प्रत्येक खाच दोन्ही घेत नाही. बोर्डाच्या पुस्तिकेत त्या खाचेपुढे काय लिहिलंय ते पाहा. बायोसमध्ये दिसते पण विंडोजमध्ये नाही, असं असेल तर ती फक्त कोरी आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जीपीटी (विभागांची पद्धत) निवडा आणि विभाग तयार करा. उलट एम.२ लावल्यावर जुनी हार्ड डिस्क गायब झाली असेल तर तिची वायर दुसऱ्या साटा पोर्टला लावा. काही बोर्डांवर एम.२ ची खाच भरली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात.

प्रश्न: १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, फरक काहीच जाणवत नाही.

विंडोज त्याला अजून ६० वरच चालवत असेल. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा आणि रिफ्रेश रेट हाताने १६५ करा. यादीत १६५ दिसतच नसेल तर एचडीएमआय सोडून मॉनिटरसोबतची डिस्प्लेपोर्टची केबल लावा.